सुवॉनच्या तटावरची दुपार

अब्बा,

मी कोरियाला जाऊन आले. तुमचं जायचं राहून गेलं म्हणून मी गेले, असं काही नाही. ऑफिसने पाठवलं म्हणून गेले. दुबईत अल बर्शामधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत मी लोकांच्या सहली आखून देते. पूर्वी जॉर्जिया, बाकू, बाली असं चालायचं. हल्ली शाळकरी मुली आईबापांना ओढत आणतात आणि कोरियाच पाहिजे म्हणतात. माझी स्वतःची नऊ वर्षांची मुलगी त्यांतलीच. आमच्या मॅनेजरचं म्हणणं पडलं की जो विकतो त्याने एकदा डोळ्यांनी बघून यावं, आणि माझं नाव घातलं. मी हो म्हटलं. त्या रात्री शारजातल्या अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना अम्मीला सांगितलं, तर तिने हातातला घास ताटात परत ठेवला. "साहेबांना भेटशील ना?" एवढंच तिने विचारलं.

साहेब म्हणजे तुमचे कोरियन साहेब, तुमचा फोरमन. अबू धाबीच्या पश्चिमेला त्या वाळवंटातल्या साइटवर तुम्ही तेलाच्या टाक्यांना पोलादी प्लेटा जोडत होतात आणि ते तुमच्या डोक्यावर उभे असायचे. सुट्टीवर आलात की त्यांच्याबद्दल बोलायचात. कोरियात म्हणे ऐन शहरात राजवाडा आहे, आणि रविवार आला की म्हातारेकोतारेसुद्धा पाठीला पिशवी लावून डोंगर चढतात. साहेबांच्या गावाला राजाने बांधलेला तट आहे, त्याच्यावरून सगळ्या गावाला फेरी मारता येते. पानं लाल होतात तेव्हा ये, असं त्यांनी तुम्हाला सांगून ठेवलं होतं. एकदा तुम्ही त्यांनी दिलेल्या पोलादी काड्या घेऊन आलात आणि चुलीपुढे बसून त्या काड्यांनी शेवया खायला लागलात. शेवया पुन्हा पुन्हा ताटात पडत होत्या आणि दादी पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले, आणि कोरियन बोलल्याची नक्कल करत काहीतरी चिंग-चँग म्हटलं. तुम्ही काड्या खाली ठेवल्यात. "तो माणूस माझं नाव नीट घेता यावं म्हणून माझ्या मागे लागून शिकला," तुम्ही म्हणालात. "तुला त्याचं नाव तरी येतं का?" मला येत नव्हतं. तुम्ही मला ते तीनदा म्हणायला लावलंत. आजही मी ते बरोबर म्हणते.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची शवपेटी घेऊन तेच आले. कंपनीने कुणाला पाठवलं नव्हतं, ते स्वतःच्या रजेवर आले होते. मुंबईच्या विमानतळापासून कोकणात आपल्या खाडीपर्यंत ते अँब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आले. ऑगस्टच्या दमट उकाड्यात अंगात काळा सूट होता. बूट पायरीशी काढून ते पडवीत बसले, आणि कुणी पाणी दिलं तरी हातात तसंच धरून राहिले. त्या दिवशी ते इंग्रजीतच बोलत होते आणि मला ते येतं म्हणून मला पुढे केलं. त्यांनी सांगितलं की दुपारच्या सुट्टीत तुम्ही कॅम्पच्या खोलीत झोपलात ते उठलाच नाहीत. हार्ट. नो पेन. स्लीपिंग. मी ते आत जाऊन बायकांना सांगितलं. चाचांनी तुम्हाला गुस्ल दिली, शेवटची आंघोळ. बाहेर आल्यावर ते म्हणाले, भाईंचे तळहात भाजल्यासारखे झालेत. कुणीतरी म्हणालं, लोखंडाचं काम, असायचेच. विषय तिथेच संपला. कबरस्तानातून सगळे परतायला लागले तेव्हा साहेब मागे राहिले आणि तुमच्या कबरीपुढे गुडघे टेकून त्यांनी कपाळ मातीला लावलं. आपल्यात हे चालत नाही म्हणून दोघंतिघं त्यांना उठवायला निघाले, तर मौलवी म्हणाले, राहू द्या, त्याला त्याच्या पद्धतीने रडू द्या. हे मला चाचांनी सांगितलं. जाताना साहेबांनी माझ्याकडे पत्ता आणि फोन नंबर दिला. त्यानंतर दर ईदला त्यांचा मेसेज यायचा आणि मी उत्तर द्यायची. अम्मी दर नमाजेनंतर त्यांच्यासाठी दुआ मागायची. माझ्या माणसाला घरी आणून सोडलं, म्हणायची, सख्ख्यांनी केलं नसतं.

सोलमध्ये पहिले दिवस आम्ही एजंट लोक गाइडच्या मागे फिरलो. राजवाडा खरंच शहराच्या मधोमध आहे, मागे डोंगर, पुढे रुंद रस्ता. आत भाड्याचे रेशमी घेरदार कपडे घालून मुली फोटो काढत होत्या. ते कपडे घातले की तिकीट माफ होतं, हे मी गिऱ्हाइकांसाठी टिपून घेतलं. संध्याकाळी नदीकाठच्या बागेत लोक चटया पसरून, वाफाळत्या शेवयांचे कागदी वाडगे मांडीवर घेऊन बसले होते. घरी व्हिडिओ कॉल लावला तर मुलगी म्हणाली, "ममा, टर्न द कॅमेरा, आय वॉन्ट टु सी द रिव्हर." मी फोन फिरवला आणि दाखवत राहिले. तुम्ही सांगितलेलं सगळं तिथे होतं. म्हातारी माणसं खरोखरच हातात काठ्या घेऊन मेट्रोतून डोंगराकडे निघालेली होती.

मोकळा दिवस मिळाला तेव्हा मी एकटीच साहेबांच्या गावाला, सुवॉनला गेले. साहेब स्टेशनवर उभे होते. पार वाकलेत आता. डोक्यावर उन्हाची टोपी, पाठीला पिशवी. मी त्यांचं नाव घेऊन सलाम केला, तर त्यांनी टोपी काढून हातात धरली. मग साइटवर शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "फादर जैसा बोलता है तुम." तटावर चढायला दगडी पायऱ्या आहेत. वर गेलं की एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला उतारावर पांढरं उंच गवत, आणि तट वळणं घेत बुरुजामागून बुरूज डोंगरावर गेलेला. खालच्या मैदानात पोरं पतंग उडवत होती, कुणी पैसे देऊन धनुष्यबाण मारत होते. पानं लाल झाली होती. ते एकेका दरवाजाचं सांगत होते, कुठला भाग लढाईत पडला, कुठला नंतर बांधला. मध्येच थांबून गुडघा चोळायचे. एका बुरुजाच्या सावलीत आम्ही बसलो. त्यांनी पिशवीतून डबा काढला, समुद्री पाल्यात गुंडाळलेला भात, आत अंडं आणि भाज्या. "हलाल," ते म्हणाले. "मैं देखा. मीट नहीं." मग एक नासपती सोलली, फोडी माझ्यापुढे ठेवल्या, सुरी पुसून बंद केली. आणि म्हणाले, "बेटी, तुम्हारा फादर रूम में नहीं मरा."

अब्बा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी ते जसं बोलले तसं लिहिते, कारण इतकी वर्षं ते एकटेच ते बाळगून होते. उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद ठेवायचा कायदा होता. इन्स्पेक्टरची गाडी साइटवरून फिरायची. पण टाकीच्या आत कोण आहे हे बाहेरून दिसत नाही. काम मागे पडलं होतं, वरून रोज फोन येत होता. त्यांनी तुम्हा चौघांना दुपारी आत ठेवलं. "वो बोला, साब, चक्कर आता है. मैं बोला, एक प्लेट बाकी. मैं बोला, पल्ली पल्ली." लवकर लवकर. तो शब्द तुम्ही आम्हाला आंघोळीला पिटाळताना वापरायचात, आम्हाला गंमत वाटायची. तुम्ही ती प्लेट लावायला वळलात आणि हात पुढे करून पडलात, तापलेल्या पत्र्यावर, आणि हात उचलले नाहीत. त्यांनी आणि दुसऱ्या एकाने तुम्हाला टाकीच्या भोकातून बाहेर काढलं. पाण्याचा कॅन बाहेर होता. त्यांनी तोंडात पाणी घातलं. "पानी बाहर आ गया," ते म्हणाले, आणि आपल्या ओठांच्या कडेला बोट लावून कुठून आलं ते दाखवलं. मग वरचा साहेब आला. तुम्हाला गाडीत घालून कॅम्पवर नेलं, कपडे बदलले, खाटेवर निजवलं, आणि मग डॉक्टरला बोलावलं. खोलीत झोपलेला माणूस गेला की कुणी काही विचारत नाही. "मैं कपडा बदला," ते म्हणाले. "मैं. दूसरा आदमी हाथ नहीं लगाया."

मी विचारलं, आता का सांगताय. त्यांनी सांगितलं की त्यांची बायको वारली, मुलाला हे ठाऊक नाही, आणि दर ईदला माझं थँक यू आलं की त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही. रडले नाहीत. माझी माफीही मागितली नाही. मला वाटतं मागितली असती तर मी उठून गेले असते. शेजारच्या बाकावर एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यांतल्या बाईने फोन पुढे करून खुणेने विचारलं, आमचा एक काढाल का? मी उठून काढला, आडवा एक, उभा एक. परत येऊन बसले तर नासपतीच्या फोडी काळ्या पडायला लागल्या होत्या. साहेब म्हणाले, पुलिस बोलो, कंपनी बोलो, मैं सच बोलेगा. शारजाला परतल्यावर मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कंपनी तिथून कधीच गुंडाळून गेली, टाकीत तेल भरलं, साइटवरची माणसं कुठल्या कुठे पांगली. खलास. तू कुणाच्या दारात जाणार? मी कुणाच्याच दारात गेले नाही. त्याचं बरोबर आहे की नाही हेही मी ठरवलेलं नाही.

अम्मीला सांगायचं नाही असं मी विमानातच ठरवलं होतं. तुम्ही झोपेत गेलात, त्रास झाला नाही, यावर तिने एवढी वर्षं काढली असं मला वाटत होतं. मी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. मी तिला फोटो दाखवले, राजवाडा, नदी, तट. साहेबांचा फोटो आला तशी तिने ओला हात पुसला आणि फोन जवळ घेतला. "म्हातारे झाले," ती म्हणाली. "काय म्हणाले?"

"काही नाही. तुझी खुशाली विचारली."

ती परत माशाकडे वळली. खवले काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या अब्बांचे हात भाजलेले होते. झोपलेल्या माणसाचे हात कसे भाजतात?"

मी फोन बंद करून बाजूला ठेवला.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू नुकती कॉलेजात, भाऊ लहान. झोपेत गेले म्हटलं की तुम्ही झोपायचात, म्हणून मीही तेच म्हणत राहिले." नळ सोडून तिने सुरी धुतली. "त्यांनी सांगितलं ना तुला?"

मी हो म्हटलं. सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "ते नको. एकच सांग. शेवटी तोंडात पाणी पडलं का त्यांच्या?"

"पडलं. साहेबांनी स्वतः पाजलं."

"प्यायले?"

"प्यायले, अम्मी."

तिने मान हलवली. मग तिने माशाला मीठ-हळद लावलं, झाकून ठेवलं, आणि हातपाय धुऊन, वझू करून नमाजला उभी राहिली. त्या दिवशी तिने साहेबांसाठी दुआ मागितली की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. ऑफिसात मॅनेजर म्हणाला, सुवॉन हाफ डे ठेवायचं का, गिऱ्हाईक जाईल का तिथे? मी म्हटलं, ठेवा, सुंदर आहे. खोटं नाही ते, अब्बा. उन्हात तो तट सुंदरच दिसतो. मला तो तसा दिसायला नको होता.

हे कुठे पाठवायचं नाही. लिहून झालं की फाडून टाकेन, अम्मीच्या हाती लागायला नको. पण एक गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. तटावरून उतरताना साहेबांचा गुडघा धरला. पायऱ्या उंच, कठडा नाही. ते मला म्हणाले, तुम जाओ, मैं आता है. मी पुढे निघून जाऊ शकले असते. मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले, पाठ त्यांच्याकडे केली आणि खांदा पुढे केला. त्यांनी हात ठेवला. अगदी खालपर्यंत आम्ही तसेच उतरलो. हात जड होता. तुमच्याच वयाचे आहेत ते. तुमचा हात आता एवढाच जड लागला असता का, हेच मी उतरताना बघत होते, आणि पायऱ्या संपल्या तरी त्यांनी तो काढू नये असं मला वाटत होतं.