लिंबावरचा रूळ

वाघदरा, ता. जामखेड
रविवार, २१ जानेवारी १९७३

चि. छगन यास आईचा आशीर्वाद आणि प्रभूत सलाम.

पत्र पोचलं. मी बरी आहे. शेळी आटली, विकून टाकली. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर रोज जाते. खायला सुकडी मिळते, गोड असते, तोंडाला मिठी बसते. खोकल्याचं औषध घे, घेतो म्हणून नुसतं लिहू नकोस.

तू परत तेच विचारलंस. देवळापुढच्या लिंबावरचा रूळ कोणी नेला, नाव कळव, फौजदाराला घेऊन येतो. तुझ्या बापाची आठवण आहे ती, हे मला शिकवू नकोस. तो रेल्वेच्या रुळाचा तुकडा घंटेसारखा बडवून त्यानं दर रविवारी माणसं उपासनेला गोळा केली. तो गेल्यावर मी बडवला. गावात बोलायला लागले, तुमच्या ठणठणाटानं देवी कोपली, पाऊस गेला. मग एका सकाळी बघते तर लिंबाला नुसती तार. नाव मी लिहिलं नाही, कारण तुझं डोकं गरम.

आता सगळं लिहिते, एकदाच. अर्ध्यावर पत्र टाकून उठू नकोस.

कामावर आपल्या गावचा सहादेव मुकादम आहे. तिथं सकाळी, जेवणाला आणि सुटताना टोला पडतो. पहिल्या दिवशी टोला पडला आणि माझी हातोडी वरच राहिली. पोटच्या पोराचा आवाज ओळखायला तोंड बघावं लागतं का? मान वळवली तर बाभळीला आपला रूळ. सहादेव माझ्याकडे बघेना. त्याची बायको मालनबाई माझ्या शेजारीच बसते. माझी सावली पडली की घागर उचलून पलीकडे ठेवते. मी गप्प राहिले. मला गप्प बसणं किती जमतं, तुला माहीत आहे. रोज त्याच टोल्यावर भाकरी सोडायची, डोळे मिटायचे, आणि निम्मी प्रार्थना, निम्म्या शिव्या.

गेल्या मंगळवारी काम तपासायला ओव्हरशेर साहेब आले. रूळ बघून म्हणाले, "हा रेल्वेचा माल. कुठून आणला रे?" सहादेव पायानं खडी चाळवायला लागला. "बोल, नाहीतर पोलिसांना बोलावतो. मुकादमी तर गेलीच तुझी."

मालनबाई माझ्याकडे बघत होती. मी लग्न होऊन आल्यापासून तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं असेल. छगन, त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. नुसतं थुंकायचं बाकी होतं.

मी उठले. "माझा हाय साहेब. आमच्या देवळाचा. मिशनच्या सायबानं भंगारात इकत घेतल्याला. मीच दिलाय, कामाला लागंल म्हणून."

साहेब हसले. "मग तुमच्या देवाला उठवता कशानं?"

"त्यो झोपत न्हाई साहेब. मानसं झोपत्यात."

बायका हसल्या. माझ्याबरोबर हसल्या की मला हसल्या, कळलं नाही.

हे खोटं झालं का रे? मला वाटतं, बोलले तेव्हाच दिला. त्याआधी दिलेला नव्हता, हे खरं. मिशनचे पाळक आले की विचारीन.

सुटल्यावर सहादेव आडवा आला. खाली बघून म्हणाला, "बाई, आनून टांगू का परत?"

"कशाला? तिथं ऐकायला कोन हाय?"

तोंडातून निघून गेलं. तुला हे लिहिलं नव्हतं. उपासनेला येणारं रंगनाथचं बिऱ्हाड पुण्याला गेलं. भीमाच्या घरच्यांनी गावाला भिऊन येणं सोडलं. रूळ होता तेव्हाही मी बडवायचे आणि मीच आत जाऊन बसायचे.

आज रविवार. काम चालूच असतं, सुट्टी बाजाराच्या दिवशी. मी आधी देवळात गेले. सकाळचा टोला पडला तो माळावरून इथपर्यंत ऐकू आला. वेळ उपासनेचीच. मी उभी राहून गीत म्हटलं. तुझ्या बापाचा खालचा सूर लागायचा तिथं नुसती थांबले, मग पुढचं म्हटलं. कामावर उशिरा पोचले, सहादेवानं खाडा मांडला नाही. मालनबाईची घागर मात्र पलीकडेच होती.

आता नाव तुला कळलं. फौजदाराकडे जायचं नाही. मी दिलेली वस्तू आहे, तिला चोर कुठला आणतोस? यायचं तर रविवारी ये, एकटा ये. खालचा सूर तुला येतो.

देवळाचं दार उघडं टाकून बसलेली
तुझी आई,
रंगुबाई