आबांची नळी

थुंकी नेणाऱ्या मॅडमना,

पासलीच्या धनगरवाड्यावर येऊन तुमी आमच्या आबांची, हैबतींची, थुंकी नळीत घेतली आणि बर्फाच्या पेटीतून नेली. "यावरून आजार कळतील," म्हणाला होता. मग मोबाईलवर आलं, की त्यावरून तुमी आमच्या लोकांची अक्कल मोजली आणि ती रक्तातच कमी निघाली. कुणी शोध खरा म्हणतं, कुणी खोटा. भांडण तिकडं पुण्यात चाललंय.

आबा वैशाखात गेले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवंना. आईनं जनावरं सांभाळायचा शब्द दिला, भावानं आईला सांभाळायचा. कावळा फांदीवरच. गेलेल्या माणसाचं आमी काही मागं ठेवत न्हाई, आणि आबा तर तुमच्या बर्फात. म्या हळूच म्हणलं, "आबा, नळी परत आणते." तसा तो उतरला.

आता तो रोज कुडावर येऊन बसतो. माझी लेक प्रगती पाढा चुकली की म्या तिच्याकडं बघतच ऱ्हाते. आधी अशी बघत नव्हते.

आबांची नळी द्या, एवढंच मागायचं होतं. काल पाकीट चिकटवायला जिभेपाशी नेलं, आणि तसंच कोरडं ठेवून दिलं.

हैबतींची लेक,
दिपाली