हळदीकुंकवाला या, व्यायाम आहे

५ जानेवारी
रोजनिशी माझी, अक्षर नातीचं. निधीने लिहायचं, वाचायचं नाही. ती हसते आहे. हसणं लिहू नकोस गं.
वसईच्या दवाखान्यातली मर्लिन येऊन गेली. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायांना व्यायामाने किती गुण येतो, याचा अभ्यास करते. म्हणाली, मावशी, अभ्यासात सगळ्या शहरातल्या बाया. तुमच्या खाडीकडच्या आगरी बाया येतच नाहीत, मग तुमच्या अंगाला काय मानवतं ते कळणार कसं? दहा जणी मिळाल्या तर वर्ग इथे गावात. नाहीतर बंद.
दहाच? मी नुसता शब्द टाकला की वीस येतील. माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, अंबाडा निधी घालते. होळीला स्वतः घालणार. ठरलं.

९ जानेवारी
घरोघर फिरले. एकीला कॅन्सर हा शब्दच ठाऊक नाही म्हणे. दुसरीचं ऑपरेशन पोटाचं होतं. जाऊबाई शकू कितीतरी महिने माहेरी राहून, डोक्यावरचा पदर घट्ट धरून परत आली; तिला विचारलं तर अंगावर आली. मला काय झालंय? कोनी सांगितलं?
किती लपवतात या बाया!
माझं ऑपरेशन गावाला पित्ताच्या खड्यांचं सांगितलंय, ते वेगळं. निधीचं लग्न व्हायचंय. निधी म्हणते, माझं नाव मध्ये आणू नकोस.

१३ जानेवारी
हात सुजलाय. तांदळाची भाकरी एका हाताने थापली. निधीचे आजोबा म्हणाले, आज भाकरीचा नकाशा केलास काय? हसले मी. मागच्या पडवीत जाऊन रडले. हे खोडून टाक.
मर्लिनचा फोन. किती झाल्या? म्हटलं, येताहेत, येताहेत. एक नाही. देवा, एक तरी दे.
संध्याकाळी सुचलं! संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचं बोलावणं कोण मोडतं? कॅन्सरचं नावच काढायचं नाही. एवढी अक्कल दवाखान्यात कोणाला आहे?

१८ जानेवारी
देवळाचा मंडप भरला! नव्या साड्या, दागिने, गजरे. मर्लिनच्या डोळ्यांत पाणी.
तिने व्यायामाला ओढायच्या रबरी पट्ट्या आणल्या होत्या. बायांनी वाण समजून ओटीत घातल्या. एकीने सुनेसाठी दुसरी मागितली, जरा गुलाबी द्या म्हणाली.
मग मर्लिनने विचारलं, ऑपरेशन झालेल्यांनी हात वर करा.
बाया ओटीतलं वाण चाचपू लागल्या. मर्लिनने माझ्याकडे पाहिलं, नाव घेतलं नाही. शकूही माझ्याकडेच बघत होती. बघतच राहिली. मी तिला तिळगूळ दिला.
एक हात वर गेला नाही.

२१ जानेवारी
वर्ग बंद. मर्लिन म्हणाली, मावशी, तुम्ही खूप केलंत. शकूने तिची पट्टी फाटकाला बांधली आहे. सकाळी निधीने अंबाडा घातला, नेहमीसारखा.
दोष सगळा बायांचा. एकीने हात वर केला असता तर बाकीच्यांनी केला असता. आता माझा म्हणाल तर माझा हात मुळात वर जातच नाही, त्याला मी काय करू? लिही, म्हटलं.
निधीने पेन थांबवलं. म्हणाली, आजी, जात नाही तो डावा.
मग लिही, उजव्यात करंडा होता.