वर्गात उरलेला विद्यार्थी

आपा,

सलाम. मी खुशाल आहे. खोली कोरडी आहे, खोकला गेला, तू विणलेला स्वेटर अंगातून निघत नाही. अम्मीचे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस ना?

कुराणाचा एस्पेरांतोतला अनुवाद अर्ध्यावर आलाय. तू हसायचीस, "जी कुणाच्याच आईची भाषा नाही, ती शिकून बोलणार कुणाशी?" सगळ्यांशी, म्हणायचो मी, जगातल्या सगळ्यांसाठीच तर ती बनवलीय. ती शिकवायला मी संध्याकाळी वर्ग घेतो, त्याला आता एकच जण येतो. बेकरीवाला येईनासा झाला, त्याचं दुकानही बंद असतं. नर्सबाईही येत नाहीत, मला पाहून रस्ता ओलांडतात.

उरलेल्याला मी मनात गोडबोल्या म्हणतो. इतका हुशार विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता. बघता बघता तो माझ्यासारखा बोलू लागला आणि मी हरखून गेलो.

परवा पोस्टात गेलो, तर तो जाळीपलीकडे बसलेला. पुढ्यात मी छापखान्याला पाठवलेली अनुवादाची पानं, फोडलेल्या पाकिटासकट. मला पाहून अदबीने उठला. "सर, तुमच्यामुळेच ही वाचता येतात," म्हणाला. मग विचारलं, "घरी लिहिता ती भाषाही शिकवाल?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोय होती का?

हे पत्र आपल्याकडे निघालेल्या शिंप्याच्या हाती देतोय. यापुढची पोस्टाने येतील. त्यांत सगळं ठीक आहे असंच लिहिलेलं असेल. अम्मीला मोठ्याने वाचून दाखव. तू मात्र विश्वास ठेवू नकोस.

तुझा,
धाकटा