भट्टीच्या कमानीवरचे तेरा हात

चिआपू, सोमवार, सकाळची भांडी अजून तशीच पडलीत

आदरणीय कांग ओमान,

धाकट्या बहिणीचा सलाम. तुमच्या पायाचा अंगठा अजून सुजतो का? (शेंगदाणे सोडा म्हणून डॉक्टर ओरडतो आणि तुम्ही उशीखाली पुडी ठेवता, हे वहिनीने मला सांगितलंय.) पिंजऱ्यातला कवडा घुमतो ना? मी इथे ठणठणीत आहे. डावा गुडघा, उजवा खांदा आणि पाठ सोडली तर कुठे म्हणून काही दुखत नाही.

तुम्ही सूनबाईच्या फोनवर निरोप धाडलात, की चौसष्टाव्या वर्षी ओसाड खाणीत फोटो काढत हिंडू नकोस, लोक हसतात. तुम्ही मोठे, चार गावांत तुमच्या प्रार्थनेला मान, म्हणून निरोप दोनदा ऐकला, मान डोलावली आणि शनिवारी गेले. परतही जाणार आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला उगाच आशा नको.

कारण ऐका. आपल्या टेकडीवर बाग होणार आहे. खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात बदकाच्या आकाराच्या होड्या सोडणार म्हणे (बदकं फुकट मिळत असताना!). मोठी भट्टी पाडून तिथे गाड्या लावायची जागा, आणि फाटकाशी संगमरवरी पाटी: टेकडी फोडणाऱ्या, चुना भाजणाऱ्या कामगारांची नावं. ग्रामकार्यालयातल्या ईवानने मला यादी वाचून दाखवली. चौतीस नावं, चौतीसच्या चौतीस पुरुष! त्यात सार्दीचं नाव आहे, जो तीन वर्षं बांबूच्या सावलीत झोपला आणि जेवायच्या वेळेला तेवढा उठला. त्यात तुमचंही आहे, कांग. तुम्ही भट्टीवर किती दिवस काम केलंत ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. अकरा. बाराव्या दिवशी हाताला फोड आले म्हणून तुम्ही मदरशात पळालात, आणि आईने देवाचे आभार मानले. मी त्याच भट्टीवर बावीस वर्षं डोक्यावरून दगड वाहिले. ईवान म्हणतो कसा, ‘मा एन्तिन, बायका डबा घेऊन यायच्या ना? पुरावा असेल तर आणा, फोटो चालेल.’ डबा! असा संताप आला म्हणून सांगू, त्याने पुढे केलेला चहासुद्धा मी प्यायले नाही. (भजी खाल्ली. ती त्याच्या आईने केली होती.)

पुरावा आहे, आणि कुठे आहे ते मला पक्कं माहीत होतं. दर पावसाळ्यानंतर भट्टीच्या तोंडाची आतली कमान आम्ही बायकाच लिंपायचो, माती-चुन्याच्या गिलाव्याने. प्रत्येकीचा भाग ठरलेला. लिंपून झालं की ओल्या गिलाव्यावर आपला पंजा दाबायचा, म्हणजे नंतर तडा गेला तर कोणाचं काम कच्चं ते कळतं आणि तिनेच ते पुन्हा करायचं. भांडणं नकोत म्हणून काढलेली युक्ती, दुसरं काही नाही. शेवटच्या वर्षी आम्ही तेराजणी होतो. तेरा पंजे.

तर शनिवारी सुनेचा फोन सारोंगच्या गाठीत खोचून निघाले. कंत्राटदाराने तारेचं कुंपण घातलंय. त्याखालून बकऱ्या जातात, म्हणून मीही गेले. फरक इतकाच, की बकऱ्यांचा सारोंग तारेत अडकत नाही. तो सोडवताना एक बकरी माझ्याकडे अशी बघत उभी राहिली, की मला वहिनीची आठवण झाली (हे तिला वाचून दाखवू नका). पुढे उतारावर पाय घसरला आणि मी बसल्या जागी थेट चुना विरवायच्या जुन्या हौदापर्यंत गेले. वेळ वाचला. हौद कोरडा होता, पण उठले तेव्हा पायापासून भुवयांपर्यंत पांढरीफेक.

आणि कांग, पंजे आहेत! सगळे! काजळी धरली, कोळ्यांनी जाळी केली, पण तडा एकालाही नाही. माझ्या शेजारी इचिहचा, चार बोटांचा. पाचवं दगडाखाली गेलं तेव्हा दुपारी पट्टी बांधून ती पुन्हा कामावर आली होती. गेल्या वर्षी खोकून खोकून गेली बिचारी. मी माझा हात तिच्या पंजावर ठेवला आणि जरा रडले. जरा म्हणजे बरीच. मग डोळे पुसले, फोन पुसला आणि एकसष्ट फोटो काढले, जवळून, लांबून, वाकून, आडवं होऊन.

एवढ्यात बाहेर चपलांचा आवाज. कंत्राटदाराचा राखणदार, आदांग! मी कमानीच्या आत कोपऱ्यात दडले, श्वाससुद्धा रोखला. तो भित्रा जीव तोंडाशी थांबला, वाकला, उजवा हात खाली केला आणि आत कोणी अदृश्य असेल तर त्याच्याकडे वाट मागावी म्हणून अंधाराला अदबीने म्हणाला, ‘पुन्तेन.’ आता सांगा, माझा काय दोष? कोणी वाटेत ‘पुन्तेन’ म्हणालं, की तोंडात घास असला तरी ‘मांग्गा’ म्हणून त्याला वाट द्यायची, हे आईने आपल्याला थोबाडीत देऊन शिकवलंय. साठ वर्षांची सवय. मी म्हणाले, ‘मांग्गा, या ना!’ वर उठून उभीही राहिले, पाहुण्यापुढे बसून कसं राहायचं?

आदांगने जी किंकाळी फोडली, ती त्याच्या बायकोने घरी ऐकली. एक चप्पल आणि केळीच्या पानातला भात टाकून तो पळाला. (भात मी खाल्ला. वाया घालवू नये. मिरचीचा ठेचा मात्र फार तिखट.) संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की भट्टीत पांढरी बाई राहते आणि ती फार सुसंस्कृत आहे. पाडणारे मजूर आता हात लावायला तयार नाहीत.

तेव्हा लोक हसतात म्हणून काळजी करू नका. कोणी हसत नाहीये. घरात सगळ्यांना सलाम.

तुमची धाकटी बहीण,
एन्तिन

ता.क. एकसष्ट फोटोंबद्दल. फोन मी चुन्याच्या हातांनी पुसला होता. एकसष्टच्या एकसष्ट फोटोंत पांढऱ्याशिवाय काही नाही. ईवान म्हणाला, ‘मा, हा भात आहे का?’

ता.क. २. कंत्राटदार ती बाई घालवायला कोणालातरी बोलावतोय, येत्या शुक्रवारी, सगळ्या गावासमोर. चार गावांत कोणाच्या प्रार्थनेला मान आहे, ते वर लिहिलंच आहे. त्याचा माणूस उद्या तुमच्याकडे येईल. हो म्हणा.

ता.क. ३. मी आत असेन. खोटं बोला असं मी सांगत नाही, तुम्ही हाजी आहात. बाहेरून ‘पुन्तेन’ म्हणा, मी ‘मांग्गा’ म्हणेन. मग मोठ्याने विचारा, आत कोण आहे? मी खरं तेच सांगेन: एन्तिन, बावीस वर्षं. मग बाकीच्या अकराजणींची नावं, वर्षांसकट. मग कंदील घेऊन सगळ्यांना आत आणा आणि कमान दाखवा. आला नाहीत, तरी मी नावं सांगणारच. फक्त सुरुवात तुमच्या अकरा दिवसांपासून करेन.

आणि इचिहचं नाव शेवटी तुम्ही वेगळं विचारा, कांग. तिच्या वतीने ‘मांग्गा’ मीच म्हणेन.