दांडी धरायला माणूस

१४ मे १९६२
आखाजीच्या सणाला सालदाराचं साल संपलं, तो मोलगीकडे आपल्या घरी निघून गेला. नवा मिळत नाही. शेतात हे एकटे, नि तो लहान ट्रॅक्टर.
आज भाकर घेऊन गेले तर हे घामाने निथळत होते. नांगर जोडायचा, तर ट्रॅक्टर मागे घ्यायचा, उतरून बघायचं. नांगराच्या दांडीचं भोक नि ट्रॅक्टरच्या पट्टीचं भोक जुळत नाही. पुन्हा वर चढायचं. सकाळपासून हेच चाललेलं. शेवटी म्हणाले, "जराशी दांडी धर."
मी इकडेतिकडे बघितलं. मलाच म्हणाले होते.
दांडी भलती जड. भोकावर भोक आलं की वरून पिन सोडायची, एवढंच माझं काम. पण इंजिनाच्या आवाजात माझं "थांबा" त्यांना ऐकूच जाईना. त्यात पदर तोंडावर. हे ओरडले, "तोंड वर कर. माले समजी कसं?"

१६ मे
खुणा ठरल्या. बोट हलवलं की थोडं मागे. हात डावीकडे, उजवीकडे. पंजा उभा धरला की थांब. आज तिसऱ्या खेपेला पिन बसली. हे हसले.
लग्नाला सहा वर्षं. घरात सासू-सासऱ्यांसमोर आम्ही बोलत नाही. काही हवं असलं तर हे भिंतीकडे बघून सांगतात. आज दिवसाउजेडी सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. डाव्या भुवईखाली बारीक व्रण आहे. कधीचा, विचारलं पाहिजे.

१९ मे
सासऱ्यांनी बांधावरून बघितलं. संध्याकाळी जेवताना, ह्यांना: "सून हात दखाडस, नि नवरा थांबस. गाव दखी ऱ्हायनं."
मी चुलीपाशी. वाटलं, हे काही बोलतील. दोन शब्द तरी. खाली मान घालून जेवत राहिले.
"उद्यापासून मी धरसू दांडी," आबा म्हणाले. आम्ही सगळे सासऱ्यांना आबाच म्हणतो. साठीच्या पुढचे आहेत, त्यात डोळ्यांना कमी दिसतं. ते कुणी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

२० मे
आबांचा हात सापडला.
मी घरी होते, निरोप आला. जन्मभर बैल हाकलेला माणूस. त्यांनी "हो, हो" म्हटलं की बैल जागच्या जागी थांबत. आजही वाकून, दांडीवर डोळे लावून "हो, हो" म्हणाले असतील. उजव्या हाताची दोन बोटं दांडी नि पट्टीच्या मध्ये.
शेजाऱ्याची बैलगाडी जुंपून शहाद्याला नेलं. परत आल्यावर हे ओट्यावर बसले ते बसलेच. एवढंच म्हणाले, "माले ऐकू उनं नही."

२८ मे
एका बोटाचं पेर काढावं लागलं. दुसरं वाचलं. हे ट्रॅक्टरजवळ जात नाहीत. नांगरट शेजाऱ्याचे बैल मागून कशीबशी उरकली.
सासूबाईंना रक्त बघवत नाही म्हणून पट्टी मी बदलते. आजवर आबांसमोर कधी उभी राहिले नाही, आता रोज त्यांचा हात हातात. दोन्ही हात गुंतलेले, पदर सारखा घसरतो. ते दुसरीकडे बघतात.
राग येतो. माझ्या जागी उभे राहिले म्हणून लागलं. मग हात धुताना वाटतं, मी असते तर माझी बोटं गेली असती. नसती गेली. माझ्याकडे हे बघत असतात.
पण त्या दिवशी जेवताना हे बोलले असते तर

३ जून
पट्टी सोडत होते. आबा एकदम म्हणाले, "थांब सांगाले हात कसा करस तू?"
त्यांच्याशी मी बोलत नाही, तेही माझ्याशी नाही. मग पंजा उभा करून दाखवला. डोळे बारीक करून त्यांनी बघितलं.
"आनि मांगे येवाले?"
बोट हलवलं.
"हं."
सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बघितलं. आत गेल्या.

९ जून
पेरणीआधी वखर फिरायला हवा. शेजाऱ्याचे बैल आता त्याच्याच कामात. सकाळी आबा कुणाकडेच न बघता म्हणाले, "वखर जोडाना शे. चला."
तिघं गेलो. आबा बांधावर बसले, हात फडक्यात. मी दांडी उचलून उभी राहिले. ह्यांनी इंजीन चालू केलं, मागे बघितलं, आणि बंद केलं. खाली उतरून आबांकडे गेले.
"आज ऱ्हाऊ देऊत का?"
"माले काय ईचारस? तिले ईचार."
दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी दांडी खाली ठेवली नाही.
हे परत वर चढले. हळूहळू मागे आले. वीतभर अंतर राहिलं तिथे थांबले. मी बोट हलवत राहिले, पण ह्यांना आणखी मागे येववेना.
आज एवढंच झालं.