वरच्या उजव्या कोपऱ्यातला शिक्का

भिवंडी, गुरुवार

ती. दौलतमामांना,

सोनलचा नमस्कार. (साष्टांग लिही, असं आईने बजावलं होतं. मी खुर्चीत बसून लिहिते आहे, त्यामुळे नुसता नमस्कार.) तुमचा गुडघा आता किती वाकतो? अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात रोज अर्धा तास पाय सोडून बसता, हे मामीकडून कळलं. फोनही त्याच कुंडात गेला हेही कळलं, म्हणून हे पत्र. आईचं ब्लडप्रेशर एकशे तीसवर आहे. मी ठीक आहे की नाही, ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. मला ठरवता येत नाही. तुमच्याकडून काही नको, फक्त कुणाला तरी सांगायचं आहे.

आमच्या कॉलेजने यंदा प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरवलं. कॉलेजबाहेर कुणी काही शिकलं असेल तर तेही त्यात धरायचं, त्याचे क्रेडिट द्यायचे, आणि क्रेडिट पुरे झाले की पदवी. कल्पना मला पटली. त्यासाठी समिती झाली: प्राचार्य, ऑफिस सुपरिंटेंडंट हितेशसर आणि मी. (मी लॅब असिस्टंट. पासवर्ड माझ्याकडे आहे, म्हणून मी.) बाहेरचे दाखले आणा, अशी सूचना लावली आणि चार दिवसांत तीनशे बारा आले. एकाने ड्रायव्हिंग लायसन आणलं. एकाने अंडरआर्म क्रिकेटची ट्रॉफी आणली, जी स्कॅनरमध्ये बसत नाही (मी बसवून पाहिली). भाविक नावाच्या मुलाने बेंजो पार्टीत चौदा हळदी वाजवल्याचं पत्र आणलं, चौदा यजमानांच्या सह्यांचं. त्याला तीन क्रेडिट मिळाले, कारण त्यातल्या दोन हळदींत हितेशसर स्वतः नाचले होते आणि वादनाचा दर्जा त्यांना ठाऊक होता. हा निकष चुकीचा आहे, असं मला सिद्ध करता आलं नाही.

गोंधळ झाला तो तानीचा. तानी तिसऱ्या वर्षाला आहे, तुमच्या अकलोलीच्या वरच्या पाड्यावरची. दोन वर्षं दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये शिफ्ट करते. एका पेपरच्या दिवशी तिथे वर्षाची मालमोजणी होती, सुट्टी मिळाली नाही, पेपर बुडाला आणि चार क्रेडिट कमी पडले. पण त्याच गोडाऊनमध्ये तिने मोजणी, स्कॅनर आणि आगीपासून बचाव असे तीन कोर्स केलेत. तिन्ही दाखले तिच्या फोनमध्ये आहेत. ते धरले तर चार क्रेडिट भरतात, पदवी होते आणि महिनाअखेर ती तिथेच सुपरवायझर होते. नाही धरले तर सुपरवायझर दुसरं कुणी होतं आणि तानी खोकी उचलत राहते.

हितेशसरांनी तिचा फोन उलटा करूनही पाहिला. "शिक्का कुठाय?" मी सांगितलं, शिक्का नसतो, हा चौकोनी कोड स्कॅन केला की खरं-खोटं कंपनीच्या साइटवर दिसतं. करून दाखवलं. हिरवी खूण आली. ते म्हणाले, "मला पटलं गं. फाइलला कोण पटवणार?" म्हणून फाइलसाठी प्रिंट काढल्या. ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदावर इनवर्डचा शिक्का पडतो, आणि आमच्या भावनाताई एकोणीस वर्षं तो वरच्या उजव्या कोपऱ्यात मारतात. कोड वरच्या उजव्या कोपऱ्यात होता. बैठकीत प्राचार्यांनी मोठ्या हौसेने स्वतः स्कॅन केलं. तीनदा केलं. काही आलं नाही. मिनिट्समध्ये लिहिलं गेलं, 'दाखले संशयास्पद.' मी कोडवरच्या शिक्क्याकडे बोट दाखवलं, तर हितेशसर म्हणाले, तो आपलाच आहे, त्याच्यावर कसला संशय. फोनवरचा मूळ दाखला पाहा म्हटलं, तर म्हणे समितीपुढे फाइलमधलंच येतं. मी पुन्हा प्रिंट काढल्या. नवे कागद, म्हणून नवा इनवर्ड. भावनाताईंना म्हटलं, डाव्या कोपऱ्यात मारा. "डावीकडे भोक पाडतात गं, शिक्का फाटेल ना." हेही बरोबर आहे. म्हणजे प्रत्येकाचं बरोबर आहे आणि निकाल चूक आहे. चूक कोणत्या पायरीवर शिरली, ते मी दोनदा आकृती काढून शोधलं. सापडली नाही.

तानीला बोलावून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, खोटा आनायचा असता तं शिक्केवाला नसता आनला?" हे वाक्य मिनिट्समध्ये घ्या, असं मी सुचवलं. घेतलं नाही. सोमवारी तिची शेवटची सुनावणी आहे.

बाकी ठीक. मामीला नमस्कार.

तुमची भाची,
सोनल

ता. क. समितीच्या नियम नऊप्रमाणे, त्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाने विद्यार्थ्याची समक्ष परीक्षा घेऊन तसं लिहून दिलं, तर दुसरा कागद लागत नाही. तुमची दापोड्याच्या गोडाऊनमध्ये सव्वीस झाली. सोमवारी अकरा वाजता या. काम सोडताना गाळ्याचा शिक्का घरी आणला होतात, तोही आणा. गाळा बंद पडलाय, मग शिक्का चालेल का, असं मी हितेशसरांना विचारलं. गोल आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. शिक्का तुम्हीच मारा, कागद भावनाताईंच्या हाती लागू देऊ नका.

ता. क. २. पत्र घेऊन आलेली मुलगी म्हणजेच तानी. आत काय आहे ते तिला माहीत नाही. परीक्षा आजच घ्या. पडवीतली खोकी मोजायला सांगा. लहानपणी मला मोजायला लावायचात तेव्हा थप्पीच्या मधोमध एक रिकामं खोकं ठेवायचात, तसं ठेवा. माल कमी भरला की तुम्ही म्हणायचात, "कागदावर हाय, गाळ्यात न्हाय." हिचं नेमकं उलटं झालं आहे.

ता. क. ३. परीक्षकाचं शिक्षण भरल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही, आणि तिची यादी दहावीपासून सुरू होते. तुमची सातवी. काय भरावं कळेना, म्हणून चाचणीसाठी आधी माझीच नोंद भरली. 'मोजणी कुठे शिकलात' या रकान्यात 'दौलतमामा, गाळा नंबर सात, दापोडे' असं लिहिलं. उत्तर आलं, 'संस्था आढळली नाही.' मी ते खोडलेलं नाही. सोमवारी या, म्हणजे आढळेल.